आमच्या घरातला भगोडा

आपल्या समाजात पलटणीचे नाव निघाले की म्हातारी माणसेसुद्धा ताठ होऊन बसतात. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचा वर्दीतला फोटो आहे, त्यांच्याकडे तो बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालोखाल भिंतीवर मानाने लागलेला असतो. सोयरे आले की चहाच्या आधी तो दाखविला जातो, पदक असेल तर तेही फडक्यातून बाहेर निघते. त्यात वावगे काहीच नाही. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांना छावणीत हुद्दा मिळाला, अक्षरओळख मिळाली, पेन्शन मिळाली. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते.

आमच्याही घरचा एक माणूस दुसऱ्या महायुद्धात फौजेत होता. ते आमचे आजोबा, बाबांचे वडील. मात्र त्यांचा वर्दीतला फोटो नाही, पदक नाही, पेन्शन तर नाहीच. त्यांच्या नावाला कारध्यात एकच शब्द चिकटला होता, भगोडा. फौजेतून पळून आले, पोलिसांनी धरून नेले, सजा भोगून परत आले. एवढेच त्यांचे चरित्र, आणि तेही घरच्यांनी नव्हे, बाहेरच्यांनी आम्हाला सांगितलेले. पाण्याच्या नळावर भांडण झाले की आमच्या मायला ऐकावे लागे, "भगोड्याची सून." शाळेत आम्हालाही ऐकावे लागले. बाबांसमोर विषय निघाला की ते ताट सारून अंगणात जात. १९९५ साली आमच्या थोरल्या भावाने फौजेच्या भरतीचा अर्ज भरला होता. छाती, उंची, धावणे, सगळे जमण्यासारखे होते. बाबांनी तो अर्ज चुलीत घातला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. भाऊ पुढे नागपूरला गेला. आज तो एका इमारतीवर वॉचमन आहे, खाकी कपडे घालून फाटकाशी उभा राहतो. त्याने याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण एक जानेवारी आली की तो घरी थांबत नाही, हे आम्ही पाहतो.

आता त्याच भावाचा मुलगा भरतीची तयारी करतो आहे. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पुढे शंभरातल्या पंचविसांनाच कायम ठेवणार. आम्ही त्याला त्यातला हिशेब मांडून दाखविला, पण पोराचे मन धावण्यात आहे. पहाटे तो वैनगंगेच्या पुलाकडच्या रस्त्याने पळतो. एक दिवस त्याने विचारले, "काका, फॉर्मवर पणजोबाचं काही लिहावं लागते का? पोलीस चौकशीत निघंल का?" चौकशी उमेदवाराच्या चारित्र्याची होते, त्याच्या पणजोबांची नाही, हे आम्ही त्याला सांगितले. पण ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट अठरा वर्षांच्या पोराच्या पायात येते म्हणजे ती एकदा नीट वाचली पाहिजे, असे त्या दिवशी आमच्या मनाने घेतले.

शोधाला सुरुवात करायला घरात एक डबा होता. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा कारध्यात घराघरांत पाणी शिरले होते. ते ओसरल्यावर आमच्या जुन्या घरातली धानाची ढोली फोडून काढावी लागली. तिच्या तळाशी पत्र्याचा बिस्किटाचा डबा निघाला. आजीने ठेवलेला. आजी १९८८ साली गेली, म्हणजे डबा निदान तितकी वर्षे तिथेच होता. त्यात कापडात गुंडाळलेली मनीऑर्डरची कुपने होती. झाकण घट्ट असल्याने कडा तेवढ्या भिजल्या होत्या. तेव्हा आम्ही ती उन्हात वाळवून ठेवून दिली होती. पुतण्याच्या प्रश्नानंतर बाहेर काढली.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. लढाईतले आम्हाला काही कळत नाही, पण जमा-खर्च कळतो. कुपने तारखेप्रमाणे टेबलावर लावली. एकूण नऊ. पहिले सप्टेंबर १९४२ चे, शेवटचे मे १९४३ चे. सात कुपने दहा रुपयांची, दोन बारा रुपयांची, म्हणजे ९४ रुपये. एकाही महिन्याचा खाडा नाही. आणि मे १९४३ नंतर काहीच नाही. जून नाही, जुलै नाही, पुढचा पावसाळाभर नाही. एखाद्या खात्यात दर महिन्याला नेमाने जमा होणारी रक्कम अचानक थांबते, तेव्हा हिशेबनीस आधी तारखेवर बोट ठेवतो. आम्हीही ठेवले.

कुपनांच्या कोपऱ्यात दोन-दोन ओळींचा मजकूर आहे. आजोबांना लिहिता येत नव्हते. अक्षर दुसऱ्याचे, बाळबोध. बहुतेक ठिकाणी "सुखरूप आहे, पोराची खबर कळवा" इतकेच. शिक्क्यावर गावाचे नाव नाही, फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा आहे. फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून तेव्हा आकडेच वापरीत. मात्र पाठविणाऱ्याच्या पत्त्यात नंबर आणि नावापुढे एक शब्द स्पष्ट वाचता आला. पायोनियर.

घरादारात सगळे "कामठीच्या पलटणीत होते" असे म्हणत. त्याचे कारण आहे. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली पलटण बेळगावला, दुसरी आमच्या जवळच्या कामठीला. त्यामुळे भंडारा-नागपूरकडचा जो कोणी फौजेत गेला तो "कामठीला गेला". पण सगळ्यांनाच रायफल मिळाली नाही. पायोनियर कंपन्या म्हणजे फावडे-घमेल्याची फौज. रस्ते खोदायचे, वॅगन उतरवायच्या, विमानतळाची जमीन सपाट करायची. त्यात अस्पृश्य आणि आदिवासी जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. गावात जे काम करीत होते तेच अंगावर वर्दी घालून करायचे, असे कोणाला वाटेल. तरी वर्दी ती वर्दी, आणि महिन्याला मनीऑर्डर ती मनीऑर्डर.

१९३९ साली दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदुस्थानी फौज १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली. जगातली स्वेच्छेने भरती झालेली ती सर्वांत मोठी फौज, असे पुस्तकांत लिहिलेले असते. स्वेच्छा हा शब्द ज्याने लिहिला त्याच्या घरी त्या रात्री जेवण झाले असावे.

आमच्या दिवंगत बाबांच्या मोठ्या बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना वर्ष सांगता येत नाही, पण "मनीपूर रोड" हे स्टेशनचे नाव त्या न अडखळता सांगतात. नागालँडमधल्या दिमापूरच्या स्टेशनला तेव्हा मनीपूर रोड म्हणत. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर हेच पूर्व आघाडीचे मोठे कोठार झाले. तिथून इंफाळपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता रुंद करायला हजारो मजूर आणि पायोनियर लावले होते. शत्रूच्या गोळीपेक्षा हिवतापाने अधिक माणसे पडत. १९४३ मध्ये त्या आघाडीवर एका जखमीमागे शंभराहून अधिक आजारी, असे प्रमाण सेनापती स्लिम यांनीच नोंदवून ठेवले आहे.

कुपने झाली. आता सरकारी कागद. आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून लष्कराच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला. नंबर कुपनावर होताच. मुदतीत उत्तर आले. ज्यांना पेन्शन नाही अशा सैनिकांचे सेवाकागद पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, तेव्हा माहिती उपलब्ध नाही. रीतसर उत्तर, सहीशिक्क्यानिशी. ज्याला पेन्शन मिळाली त्याचा कागद टिकतो. ज्याला हाकलून दिले त्याचा कागदही जातो, आणि मागे राहतो तो फक्त नळावरचा शब्द.

पण आमच्यासारख्यांसाठी आणखी एक कागद असतो, आणि तो या पानाच्या वाचकांना चांगला माहीत आहे. कोतवाल बुक. आमचे समाजकार्य म्हणजे दुसरे काय, तर संध्याकाळी विहारात बसून लोकांचे अर्ज भरणे. जातपडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला नसेल तर आपण कोतवाल बुकाची नक्कल काढतो. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे कोतवालाने लिहून ठेवायचे आणि महसूल खात्याने ते सांभाळायचे. दुसऱ्यांसाठी आम्ही अशा पन्नासेक नकला काढल्या असतील. स्वतःच्या घरासाठी ही पहिलीच. कारधा, सन १९४३, मृत्यू. दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी सापडले. सप्टेंबर महिना. मयताच्या रकान्यात "मुलगा", पुढे आजोबांचे नाव, जातीचा रकाना, वय दीड वर्ष, कारण ताप.

आमच्या बाबांचा जन्म १९४६ चा. त्यांच्या आधी एक भाऊ होता, हे बाबांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. कदाचित त्यांनाही कोणी सांगितले नसेल.

ती नक्कल घेऊन आम्ही आत्याबाईंकडे गेलो. त्या लाखनीजवळ आपल्या मुलीकडे राहतात. कागद पाहून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आपल्या बोलीत सांगू लागल्या. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. पावसाळ्यात पैसे येणे थांबले. धान महाग झाले, दुकानदार उधार देईना. आजी दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जायची आणि पोर घरी आत्याबाईंच्या कडेवर. श्रावणात पोराला ताप भरला. आजीने शाळेतल्या मास्तरांकडून पोस्टकार्ड लिहवून घेतले. कार्ड कधी पोहोचले देव जाणे, असे आपण आता म्हणत नाही, पण आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी ते असू द्यावे. कार्ड मिळाले तेव्हा आजोबांनी दोनदा सुट्टी मागितली. मिळाली नाही. ते निघाले.

"दिवारीचे दिवे लागले होते," आत्याबाई म्हणाल्या. "बाबा वरठीहून पायदर आले. दारातूनच इचारलं, पोट्टा कोटी हाय? माय बोललीच नाही गा. मंग बाबा तसेच खाली बसले, बूट बी नाही काडले."

पोर जाऊन महिना उलटून गेला होता.

दिमापूरहून कारध्याला येणे तेव्हा काय होते? आधी आसामची गाडी, ब्रह्मपुत्रा बोटीने ओलांडायची, मग कलकत्ता, आणि हावड्याहून बंगाल-नागपूर रेल्वेने भंडारा रोड, म्हणजे वरठी. १९४३ च्या ऑक्टोबरात हा माणूस कलकत्त्यातून गेला. बंगालच्या दुष्काळाचा तो सगळ्यांत वाईट काळ. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानतात. आजोबा त्या प्रवासाविषयी आयुष्यात एकदाच बोलले होते. कलकत्त्याला लोक फुटपाथवर भाताची पेज मागत पडले होते, भात नाही, नुसती पेज. ते पाहून त्यांना घरचे काय झाले असेल याची धास्ती बसली आणि त्यांनी हावड्याला गाडी बदलताना खिशातले चणे कोणाला तरी देऊन टाकले. त्या काळी सैनिकांची पत्रे उघडून वाचली जात आणि त्यांवर अहवाल लिहिले जात. १९४३ च्या त्या अहवालांत लढाईपेक्षा घरच्या धान्याची काळजी जास्त दिसते, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. म्हणजे ही काळजी एकट्या आमच्या आजोबांची नव्हती.

घरी ते दहा-बारा दिवस होते. वर्दी आजीने धुऊन घडी घालून ठेवली होती. बुटांना ते रोज तेल लावीत. "धान कापनी झाली का जातो, असं मने," हे आत्याबाईंनी आम्हाला तीनदा सांगितले. मजुरीचे चार पैसे आणि पायलीभर धान आजीच्या हाती देऊन परत जायचे, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात पोलीस आले. पळालेल्या सैनिकाचा हुलिया त्याच्या गावच्या ठाण्याला पाठवीत असत. खबर कोणी दिली? हा प्रश्न आम्ही विचारला. आत्याबाईंना माहीत आहे. "ते घर आता आपल्यासंगंच विहारात बसते," एवढेच म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या. आम्हीही पुढे विचारले नाही.

पोलीस बांधीवर पोहोचले तेव्हा आजोबांच्या हातात विळा होता. त्यांनी एकच मागणे केले, वर्दी घालू द्या. जमादार भला असावा. कारध्याच्या पुलावरून आमचे आजोबा दोन शिपायांच्या मधे, पूर्ण वर्दीत, तेल लावलेले बूट घालून भंडाऱ्याकडे चालत गेले. आत्याबाई पुलापर्यंत मागे धावल्या होत्या.

इथे थोडे कायद्याचे सांगितले पाहिजे, कारण सगळा भगोडा या शब्दाचाच प्रश्न आहे. फौजेत रजेशिवाय गैरहजर राहणे हा एक गुन्हा आणि पळून जाणे हा दुसरा. १९५० च्या लष्करी कायद्यात आजही ही दोन वेगळी कलमे आहेत. पळून जाण्याचे ३८ वे, गैरहजेरीचे ३९ वे. फरक पाहायचा तो मनातल्या हेतूचा. परत न जाण्याच्या किंवा मोठी कामगिरी चुकविण्याच्या इराद्याने गेला तर पळाला. परत येणार होता तर गैरहजर. आजोबांच्या वेळी १९११ चा कायदा होता. तेव्हा साध्या शिपायाचा खटला बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शलपुढे चाले. त्यात त्याचा स्वतःचा कमांडिंग ऑफिसर एकटा न्यायाधीश. वकील नाही, वर अपील नाही. वर्षभरापर्यंतची कैद तो तिथल्या तिथे ठोठावू शकत असे. ही पद्धत हिंदुस्थानच्या फौजेची खास, गोऱ्या पलटणींना ती लागू नव्हती. फौजी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध रीतसर अपिलाची सोय आपल्याकडे २००७ च्या कायद्याने झाली.

आजोबा दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर परत आले, असे आत्याबाई सांगतात. नागपूरच्या तुरुंगात होते. म्हणजे सजा वर्षाच्या आसपास भरते, आणि समरी कोर्ट मार्शलची मर्यादाही तेवढीच. खटल्याचा कागद हाती नाही, पण आमचा ताळेबंद इथे जुळतो. आता घडी घातलेली वर्दी, रोज तेल लावलेले बूट आणि "धान कापनी झाली का जातो" हे तिन्ही त्या एका साहेबापुढे कोणी मांडले असते तर कलम कोणते लागले असते? आम्ही वकील नाही. पण ज्याला पळायचे असते तो बुटांना तेल लावून घरच्याच गावात धान कापत राहात नाही, एवढे आमच्यासारख्या कारकुनालाही कळते.

हे सगळे घरच्यांना सांगितले तेव्हा वेगळाच प्रसंग उभा राहिला. आमचा एक चुलतभाऊ राजकारणात आहे. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, इंग्रजांच्या फौजेतून पळाले, इंग्रजांनी तुरुंगात टाकले, म्हणजे आजोबा स्वातंत्र्यसैनिकच झाले. बॅनर छापू. त्याचा हेतू वाईट नव्हता, ऐंशी वर्षांचा शब्द एका फटक्यात पुसावा असे त्याला वाटत होते. पण आम्ही मान्य केले नाही. इंग्रजांच्या फौजेत राहून त्यांना नाही म्हणणारे लोक होते. १९४० साली मुंबई बंदरात सेंट्रल इंडिया हॉर्सच्या शीख तुकडीने जहाजावर चढायला नकार दिला, त्यात चौघांना मृत्युदंड झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईलाच नाविकांनी बंड केले. आमच्याच जिल्ह्यात तुमसरला १९४२ च्या ऑगस्टमध्ये गोळीबारात माणसे गेली. त्या लोकांनी जे केले ते समजून-उमजून केले. आमचे आजोबा तापलेल्या पोरासाठी घरी आले होते. त्यांच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढविला तर त्या कोतवाल बुकातल्या दीड वर्षाच्या पोराला आपण दुसऱ्यांदा खोडून टाकू.

दुसऱ्या देशांनीही या प्रश्नाकडे मागे वळून पाहिले आहे. पहिल्या महायुद्धात पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश हुकमतीखालच्या ज्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या, त्यांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. जर्मनीच्या संसदेने २००२ साली हिटलरच्या फौजी न्यायालयांनी पळालेल्या सैनिकांना दिलेल्या शिक्षा रद्द केल्या. हे वाचून बरे वाटले. पण आम्हाला माफीचा कागद नको होता. आरोप नेमका काय आणि माणूस नेमका कशासाठी आला, एवढे घरात मोठ्याने बोलता यावे, इतकीच आमची मागणी.

तुरुंगातून आल्यावर आजोबांनी बिड्या वळल्या, घाटावर रेती उपसली, लोकांच्या बांधीत राबले. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले तेव्हा आमच्या वस्तीतली जुनी फौजी माणसे पुढे होती. प्रचारसभेला पहारा, रांगा, कवायत त्यांच्याकडे. आजोबांनाही कोणी तरी बोलावले. ते गेले, पण रांगेत उभे राहिले नाहीत. सभेच्या कडेला पाण्याची कावड घेऊन बसले. ज्या पलटणीसाठी बाबासाहेबांनी एवढे केले, तिच्या काळातला आपण पळून आलेला माणूस, त्यांना तोंड कसे दाखवायचे, असे ते आजीला म्हणाले होते. ती निवडणूक बाबासाहेब हरले. दोन वर्षांनी आजोबा दीक्षेला नागपूरला पायी गेले. तिथेही ते कावड घेऊन गेले होते की काय, हे आम्ही आत्याबाईंना हसून विचारले. "नाही," त्या म्हणाल्या, "तवा पांढरं धोतर नेसले होते."

आता राहिला फलकाचा विषय. गावच्या विहारात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचे ठरले होते. आमच्या पुतण्याने सुचविले, पणजोबांचे नाव द्यावे, पुढे फक्त "पायोनियर, १९४२ ते १९४३". बैठकीत एक निवृत्त हवालदार काका उठले. काश्मिरात होते. ते शांतपणे म्हणाले, "माझी माय मेली तेव्हा मला तार मिळाली. सुट्टी नाही मिळाली. वर जायचा रस्ता बंद होता. मी राहिलो. तुमच्या आजोबांचं दुःख मला कळते, पण त्यायचं नाव माझ्या नावाच्या बाजूले लावू नका." सभा गप्प झाली. त्यांचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही, आजही येत नाही. जो राहिला त्यानेही किंमत मोजली आहे, आणि त्याची किंमत कोणत्या कुपनावर लिहिलेली नसते. फलक आजोबांच्या नावाशिवाय लागला. बैठक सुटल्यावर तेच हवालदार काका पुतण्याजवळ आले आणि म्हणाले, उद्यापासून पहाटे साडेचारला ये, तुझी धाव चुकीची आहे, टाच आधी टाकतोस. आता दोघे रोज पुलाकडे दिसतात. थोरल्या भावाने हे फोनवर ऐकले आणि "काकाले माझा जयभीम सांग" एवढेच म्हणाला. या एक जानेवारीला मात्र तो घरी आला होता.

कोतवाल बुकाच्या नकलेत पोराचे नाव नाही, नुसते "मुलगा" आहे. निघताना आम्ही आत्याबाईंना विचारले, नाव ठेवले होते की नाही? त्यांनी सुपारी बाजूला ठेवली. ठेवले होते म्हणाल्या, आजोबांनीच ठेवले होते, भरतीला जाण्याच्या आदल्या रात्री. मग त्यांनी ते नाव सांगितले, आणि आम्ही लिहून घेत होतो तेव्हा हात धरून म्हणाल्या, "नीट लिव बाबू, त्याले कोनीच नाही लिवलं."